पंचवीसच्या आत

खुरवाल्याच्या हातांचा वास जायचा नाही. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. शेवटी बायकोनं रॉकेलचा बोळा दिला, तर रॉकेल उडून गेलं आणि खालचा मूळ वास जागच्या जागी. सडक्या खुराचा वास. ज्याला तो माहीत नाही त्याला सांगून कळायचा नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर जेवताना तो विषयच काढू नये. त्या साली अडीच महिने पाऊस हटला नव्हता. गोठ्यात चिखल, गोठ्याबाहेर चिखल, गुरं दिवसभर घोट्याएवढ्या रबरबाटात उभी. नखं मऊ पडली, फटीत खडे घुसले, आणि आसपासच्या दहा गावांत प्रत्येक तिसरं जनावर लंगडायला लागलं.

खुरवाल्याला त्यामुळे मान वर करायला फुरसत नव्हती. सकाळी सहाला निघायचं, जनावर लाकडी चौकटीच्या खोड्यात घ्यायचं, पाय दोरानं वर ओढून लाकडी ठोकळ्यावर टेकवायचा, आणि वाकड्या सुरीनं नख तासत जायचं. वरचं काळं निघालं की खाली पांढरं लागतं. पांढऱ्याखाली मऊ लागलं की समजायचं, आता येणार. मग सुरीचं टोक जरा दाबलं की पू उडायचा, बाहीवर, मानेवर, कधी ओठावर. त्यावर मोरचूद, त्यावर मलम, त्यावर पट्टी. की पुढचा पाय. इतर खुरवाले जनावराचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतात. याला ते जमत नव्हतं, कारण याचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

तो गुडघा सहा वर्षांपूर्वी एका बैलानं मोडला होता. बैल स्वभावानं लेकरासारखा, मालकाची नात त्याच्या पोटाखालून आरपार जायची. "मारत नाही हो, बिनधास्त बसा," मालक म्हणाला. हा बसला. पुढचं त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लायसनच्या कचेरीतला डॉक्टर नंतर म्हणाला, "उकिडवं बसून दाखवा." बसता आलं नाही. डॉक्टरनं मान वर न करता शिक्का मारला आणि त्याची मोटारसायकल कायमची परसात गेली. कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या.

सहा वर्षं तो पायी जाता येईल तेवढंच काम करत राहिला. मग बॅटरीवरच्या स्कूटरी आल्या. दुकानदार म्हणाला, हिला लायसन लागत नाही. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायला खुरवाला काही दुधखुळा नव्हता. तो स्वतः कचेरीत गेला. पहिल्या खिडकीतला म्हणाला, बॅटरीच्या गाडीला काहीच लागत नाही. दुसऱ्या खिडकीतला म्हणाला, सगळंच लागतं, आणि विचारायला कशाला येता, वापरायची तर वापरा. तिसऱ्या खिडकीतल्या बाईनं डब्यातला घास तोंडात तसाच ठेवून एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला.

तो कागद त्यानं घरी तीनदा वाचला. दोन शब्द शाळेतल्या मास्तरांना विचारले. मोटारीची ताकद ठरल्या मापाच्या आत असावी. गाडीचा वेग ताशी पंचवीसच्या वर जाणारा नसावा. असं असेल तर लायसन नको, नंबर नको. पण हमरस्त्यावर यायचं नाही, पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर चढवायची नाही, अंधार पडला की दिवा लावायचा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं हत्यारांच्या झोळीत ठेवला आणि गाडी घेतली. गेले आठ महिने तो काटा पंचविसाच्या पुढे जाऊ देत नव्हता. खरं तर अठराच्या पुढेही नाही. सायकलवरची पोरं त्याला मागे टाकून जायची. गावानं त्याचं नावच 'पंचवीस' ठेवलं. "पंचवीस आले का?" "येतील, परवा निघालेत." लोक हसायचे, तो मनावर घ्यायचा नाही. आपण कायद्यात आहोत, एवढं त्याला पुरे होतं.

सोमवारी सकाळी पुलाशी त्याला अडवलं.

गेल्या आठवड्यात कुठेतरी अशीच एक स्कूटर कुणाच्या तरी अंगावर गेली होती, त्यामुळे वरून हुकूम आला होता. पुलाच्या तोंडाशी ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली खुर्ची, खुर्चीत फौजदार. कोवळ्या मिशीचा एक शिपाई रस्त्यात उभा.

"काका, बाजूला घ्या."

खुरवाल्यानं गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, झोळीतून पिशवी काढली, पिशवीतून कागद काढला. खरं सांगायचं तर त्याला आतून बरं वाटत होतं. आठ महिने कुणी विचारलंच नव्हतं.

"हे बघा साहेब, दुसरा मुद्दा. पंचवीसच्या आत. लायसन नको, नंबर नको."

फौजदारानं कागदाकडे पाहिलं नाही. तो संत्र्याच्या फोडी खात होता आणि बिया समोरच्या डबक्यात थुंकत होता. "किल्ली," तो म्हणाला. खुरवाल्यानं किल्ली दिली. फौजदारानं तिचं टोक कानात घालून दोनदा फिरवलं, निघालेला मळ पाहिला, पँटला पुसला, आणि किल्ली शिपायाकडे टाकली. खुरवाल्यानं नजर फिरवली. पू बघून तो कधी नजर फिरवत नसे.

शिपायानं मागचं चाक अधांतरी केलं आणि मूठ पिळली. काटा वीसवर गेला, पंचवीसवर गेला. तिथे थांबेल म्हणून खुरवाला बघत होता. तीस. चाळीस. एक्कावन्न. चाकाला लागलेला चिखल त्याच्या सदऱ्यावर सपासप बसला.

"एक्कावन्न, साहेब."

"वेग अडवणारी वायर तोडलीय," फौजदार म्हणाला. "लावा बाजूला."

"साहेब, मी मूठ कधी अर्ध्याच्या वर पिळली नाही! अठरानं जातो मी. कुणालाही विचारा. बायकोची शपथ, साहेब, मी हात लावलेला नाही हिला!"

"काका, तुम्ही काय करता ते कोण विचारतंय?" शिपाई समजुतीनं म्हणाला. "गाडी काय करू शकते, ते बघायचं असतं. पन्नास जाऊ शकते ना? मग ती मोटारगाडी झाली. आता लायसन दाखवा, नंबर दाखवा, विमा दाखवा."

खुरवाल्याला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. मारत नाही म्हणून ज्याच्या मागे बसलो त्या बैलाचं काय झालं? मारू शकतो की नाही, एवढंच बघायला हवं होतं. कायदा लिहिणारा माणूस शहाणा होता. फक्त ती वायर तोडणारा हरामखोर कोण, एवढं कळायला हवं होतं.

दुधाची गाडी पुलावरून जाताना ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "काय हो पंचवीस, दुप्पट झालात की एका रात्रीत!" रांगेतले सगळे हसले. फौजदारही हसला आणि त्याच्या तोंडातून संत्र्याचा चोथा खाली पडला.

हत्यारांची झोळी खांद्यावर घेऊन खुरवाला नऊ किलोमीटर चालत घरी आला. गुडघा न वाकवता चालायचं म्हणजे पाय बाहेरून गोल फिरवून टाकावा लागतो. चिखलात तो प्रत्येक वेळी रुतायचा आणि उपसताना 'पचक' असा आवाज यायचा. वाटेत तीन गोठ्यांवर माणसं त्याची वाट बघत उभी होती. "उद्या," तो तिघांनाही म्हणाला, आणि उद्या कसं जायचं ते त्याला माहीत नव्हतं.

बायको दारातच होती. निघायच्या तयारीत, डोक्याला फडकं बांधून, हातात आईसाठीची पिशवी. तिची आई अकरा किलोमीटरवरच्या गावी मुलाकडे होती, सहा महिने अंथरुणाला खिळलेली. मुलगा नावाला. दाराशी यायचा, नाकाला रुमाल लावायचा, "कशी आहेस?" विचारून परत फिरायचा. सूनही त्याच वळणाची. म्हणून रोज दुपारी नवरा घरी आला की बायको स्कूटर घेऊन जायची, आईला कुशीवर वळवायची, घाण काढायची, पाठीच्या जखमा धुवायची, चादर बदलायची, आणि चारच्या आत मोठ्या गोठ्यावर दूध काढायच्या पाळीला हजर व्हायची. तिच्याही हातांना वास असायचा. दोघं एकमेकांच्या हातांबद्दल बोलत नसत.

"गाडी?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. सांगताना चढत गेला. "दुकानदारानं केलंय. विकतानाच तोडली असणार. गाडी पळते म्हणून खपते ना! उद्या जातो आणि त्याच्या तोंडावर..."

बायकोनं डोक्याचं फडकं सोडलं आणि परत बांधलं. "जाऊ द्या ना. दंड भरू आणि सोडवू. कशाला भांडत बसायचं."

"दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा. केलाय का मी?"

ती पिशवी उचलून चालायला लागली. अकरा जायचे, अकरा यायचे. तो बघत राहिला आणि मग ओरडला, "अगं, गोठ्यावरची पाळी?" तिनं वळून पाहिलं नाही.

पाळी बुडालीच. ती परतली तेव्हा दिवे लागले होते आणि तिच्या टाचा फुटल्या होत्या. तोवर गोठ्याच्या मुकादमानं दोनदा माणूस पाठवून शिव्या पोचवल्या होत्या. तिनं परातीत गरम पाणी घेऊन पाय बुडवले. "पाठीवरची मोठी जखम आतून पोकळ झालीय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुरवाला कोबीच्या टेंपोत बसून दुकानदाराकडे गेला. दुकान काचेचं, आत थंडगार, स्कूटरी रांगेनं उभ्या, आणि दुकानदारानं असलं अत्तर लावलेलं की खुरवाल्याला आपल्या हातांचा वास त्यापेक्षा बरा वाटला. चार गिऱ्हाइकं होती. याचा चिखलाचा पाय फरशीवर उमटला तसा दुकानदाराचा चेहरा आंबला.

"माझी वायर तू तोडलीस," खुरवाला दारातूनच म्हणाला. "पंचवीसचं सांगून पन्नासची गाडी गळ्यात मारलीस. खोटारड्या! लोकांनो, याच्याकडून काही घेऊ नका. हा तुम्हाला तुरुंगात घालील!"

गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. दुकानदार चिडला नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानं मागच्या दाराकडे तोंड करून मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री हात पुसत आला.

"यांची गाडी आठवते?"

मिस्त्रीनं खुरवाल्याकडे बघितलं, मग त्याच्या झोळीकडे. "निळी ना? हो की. वहिनी घेऊन आल्या होत्या, झाले दोनेक महिने. म्हणाल्या, चढावर फार हळू जाते, काही करता येईल का. पोपटी वायर, मिनिटाचं काम. पैसेसुद्धा नाही घेतले आपण."

"वहिनी," दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणाला. "घरात विचारून यायचं हो, पाहुणे. उगाच सगळ्या गावाला कशाला त्रास?"

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. खुरवाल्याला वाटलं, इथेच, या काचेसारख्या फरशीवर ओकावं. तो बाहेर आला. बायकोची शपथ घेतली होती त्यानं. चारचौघांत, पुलावर, त्याच बायकोची.

घरी आला तेव्हा ती चुलीपुढे बसून टाचांना तेल लावत होती. तो दारातच उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघताच तिला कळलं.

"सांगितलं मिस्त्रीनं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कागद काढला असता."

"काढलाच असता! म्हणून काय चोरून करायचं? मी तिथे शपथा घेतोय, लोक हसताहेत, आणि तू काल इथे उभी राहून म्हणतेस दंड भरू. तोंड उघडलं नाहीस! किळस येते मला, कळलं? दुकानदाराची येते, त्या फौजदाराची येते, आणि आज तुझी येते."

"येऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या अठरानं गेलं तर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मधे आईला उरतो अर्धा तास. अर्ध्या तासात तिला वळवू, धुवू, की भरवू? एकीकडचं केलं की दुसरीकडचं राहायचं. रोज राहायचं. पन्नासनं गेले तेव्हापासून तिच्या केसांना फणी लागली. तुमचा कागद लिहिणाऱ्याची आई कधी पडून नव्हती वाटतं."

"एखादं पोर आडवं आलं असतं म्हणजे?"

"आलं नाही."

"येऊ शकलं असतं!"

ती पुन्हा टाचेला तेल लावायला लागली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग तो म्हणाला, "उद्या चौकीत जातो. खरं काय ते लिहून देतो. वायर जोडून देतो म्हणतो, काय शिक्षा असेल ती भोगतो. पण गाडी परत कायद्यात आणतो." ती म्हणाली, "लिहा काय ते. माझं नाव घालायचं तर घाला." तो म्हणाला, "नाव माझंच घालीन, गाडी माझी आहे." आणि मग दोघं जेवली, म्हणजे ताटात जे होतं ते संपवलं.

बुधवारी सकाळी चौकीत फौजदार एकटाच होता. स्कूटर मागच्या आवारात पावसात उभी होती आणि तिच्या सीटवर कुत्रं झोपलं होतं. खुरवाल्यानं दोन पानी अर्ज लिहून आणला होता. फेरफार माझ्या घरात झाला, अजाणता झाला, वायर पूर्ववत जोडून घेण्यास तयार आहे, नियमानं जो दंड असेल तो मान्य आहे. फौजदारानं अर्ज हातात घेतला आणि चहाच्या कपाखाली ठेवला.

"नियमानं म्हणाल, तर गाडी तपासणीला पाठवावी लागेल. तिकडे रांग आहे. तीन महिने, चार महिने. सांगता येत नाही."

"चार महिने? साहेब, माझं काम बंद पडेल. सगळी गुरं लंगडतायत. आणि घरात एक म्हातारं माणूस..."

"हा वास कसला येतोय?" फौजदारानं नाक वर केलं.

"माझ्या हातांचा, साहेब. खुरं करतो मी."

फौजदार त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघायला लागला. कपाखालचा अर्ज ओला होऊन त्यावर गोल डाग पडला होता. "म्हणजे, गाईंची?" तो म्हणाला. "मग आधी बोलायचं ना, भल्या माणसा!"

फौजदाराचं घर नवं होतं, दुमजली, पुढे पुसूनबिसून उभी केलेली मोटार. मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार गाई. खुरवाल्यानं आयुष्यात घाणेरडे गोठे पुष्कळ पाहिले होते, पण ते गरिबाचे असायचे. इथे पाण्याचा नळ होता, हातभर अंतरावर, आणि शेण पोटरीएवढं साचलं होतं. मूत वाहायला जागा नव्हती. चारी गाई त्यातच उभ्या. एक उभीही नव्हती, पुढच्या गुडघ्यांवर टेकून मागचा भाग तेवढा वर धरून होती. तिच्या मागच्या डाव्या पायाच्या फटीतून मांस बाहेर आलं होतं आणि माशांनी ते काळं केलं होतं.

"दूध आटलंय हो चौघींचं," फौजदाराची आई दारातून म्हणाली. ठेंगणी, जाडजूड, हातात पंखा. "मी म्हणते, कुणाची नजर लागली."

"आजी, शेणाची लागलीय," खुरवाला म्हणाला. म्हातारीला ते ऐकू आलं नाही.

खोडा नव्हता. त्यानं खांबाला दोर बांधून एकेक पाय वर घेतला. सुरी लावायच्या आधी फावड्यानं स्वतःच शेण ओढलं, स्वतःच नळाखाली बादल्या भरल्या. फौजदार रुमाल नाकाला लावून दूर उभा राहिला आणि मोबाइलवर कुणाशी तरी बदल्यांबद्दल बोलत राहिला. पहिली गाय सोपी होती. दुसरीच्या नखाखालून इतका पू आला की त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. गाईंनी त्याचं काही बिघडवलं नव्हतं. त्यामुळे तो काम चोख करत होता, आणि आपण चोख करतोय याचाच त्याला राग येत होता. तिसरी झाली. चौथीचा पाय ठोकळ्यावर घेतला, फटीत सुरी घातली, आणि खिशात मोबाइल वाजायला लागला.

हात खिशात घालण्यासारखे नव्हते. मोबाइल वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी म्हातारीच पुढे आली, दोन बोटांनी त्याच्या खिशातून तो काढला आणि लांबून त्याच्या कानापाशी धरला.

"अहो," बायकोचा आवाज फाटला होता. "भावाचा निरोप आलाय. आईच्या पाठीत अळ्या पडल्यात. काल मी गेले नाही ना... वहिनीनं चादर उचलली तर वळवळताहेत म्हणे. ते कुणी हात लावायला तयार नाहीत. डॉक्टर येणार नाही म्हणतो, तिला उचलून आणा म्हणतो. अहो, काय करू? चालत निघू?"

"थांब. मी येतो. अळ्या काढतो मी, मला येतात काढता. चिमटा आहे, औषध आहे. निघू नकोस, आलोच मी." त्यानं मान वर केली. "साहेब, मला जायला हवं. आत्ता. सासूबाईंच्या..."

"ऐकलं," फौजदार म्हणाला. "वाईट झालं. पण एवढा एक पाय राहिलाय ना? तो करून टाका. अर्धवट सोडू नये जनावराला."

हे खोटंही नव्हतं. उघडी फट अशी सोडली तर संध्याकाळपर्यंत तिच्यातही अळ्या पडल्या असत्या. खुरवाल्यानं पाय केला. मेलेलं मांस कापलं, खडा काढला, धुतलं, मोरचूद भरला, पट्टी बांधली. तीही सरळ बसली. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत त्याच्या डोळ्यांसमोर गाईचं मांस नव्हतं, सासूची पाठ होती.

फौजदारानं किल्ली त्याच्या तळहातावर टाकली, बोटं लागणार नाहीत अशा बेतानं. "जा. गाडी चौकीतून घ्या, मी फोन करतो. दर पंधरा दिवसांनी येऊन जात जा, गाईंना बघायला."

"साहेब, आणि वायर? ती जोडल्याचा दाखला?"

"कसली वायर?"

"माझा अर्ज..."

"कसला अर्ज?" फौजदार हसला. रुमालाआडून ते हसणं कोंदट आलं. "पंचवीस म्हणतात ना तुम्हाला? बरं नाव आहे. अहो, गाडी पकडलीच नव्हती, तर अर्ज कशाचा? कायदा ज्याला कळत नाही त्याच्यासाठी असतो. तुम्ही समजूतदार आहात."

खुरवाल्याला बोलायचं होतं. आठ महिने अठरानं चाललो, तेव्हा मी समजूतदार नव्हतो का? चुकलं ते चुकलं म्हणून लिहून आणलं, तेव्हा नव्हतो का? पण उशीर होत होता आणि सासूबाईंच्या पाठीतल्या अळ्या थांबणार नव्हत्या. "येतो साहेब," तो म्हणाला. आणि ते म्हणताना त्यानं हात जोडले. जोडायचे नव्हते, पण जोडले गेले.

चौकीतून गाडी काढली. घरी आला तर बायको रस्त्यातच उभी होती. ती मागे बसली, झोळी दोघांच्या मधे घेतली. त्यानं मूठ पिळली. सवयीनं अर्ध्यावर हात थांबला. मग त्यानं ती पुढे पिळली, आणखी पुढे, जाईल तितकी. गाडी सुसाटली. वारा तोंडावर आला, पावसाचे थेंब डोळ्यांना टोचायला लागले. काटा अठ्ठेचाळीसवर थरथरत होता. आपल्या बुडाखाली ही अशी चीज दोन महिने होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्याला कळत होतं. आणि बरं वाटत होतं, हेही कळत होतं. बायकोनं त्याचा सदरा मुठीत घट्ट धरला.

पूल आला. ताडपत्री तिथेच होती. कोवळ्या मिशीच्या शिपायानं आज आठ-दहा स्कूटरी बाजूला लावून ठेवल्या होत्या. त्यांच्याजवळ माणसं पावसात उभी होती. एकजण कागद दाखवत काहीतरी सांगत होता, मुद्द्यावर बोट ठेवून, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

अठ्ठेचाळीसनं येणारी गाडी बघून शिपायानं हात वर केला. मूठ सोडायची की नाही, खुरवाल्याचं ठरेना. शिपायानं निळी गाडी ओळखली, झोळी ओळखली. वर केलेला हात त्यानं तसाच कपाळाला नेला आणि कडक सलाम ठोकला. मग रस्त्यात आलेल्या दोन माणसांना ढकलून वाट मोकळी केली. कागदवाला माणूस बोलायचं थांबून बघायला लागला.

खुरवाल्यानं मान हलवली. साहेबलोक हलवतात तशी, जराशी.

पूल मागे पडला. "ओळखीचा आहे का तो?" मागून बायकोनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "झाला."